काचेपलीकडचा दुसरा आवाज

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचत आले आहे, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. रविवारी जेवताना मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची आणि आम्ही दोघं त्यातल्या चुका काढायचो. 'अमावास्येला चांदणं कसं काय पडलं बुवा?' वगैरे. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय, हे पाहून तो स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघतोय... पण हसत नाहीये. कारण हा प्रकार त्याला सुरुवातीपासून माहीत आहे.

मी फिजिक्सची बी.एस्सी. अमरावतीला राजापेठेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी अकरा वर्षं नववी-दहावीच्या ट्यूशन घेतल्या. ध्वनी हा धडा तर माझा हातखंडा. आवाज म्हणजे कंपन, त्याला निर्माण करणारं काहीतरी लागतं, वाहून नेणारं माध्यम लागतं आणि ऐकणारा कान लागतो – यातलं एक जरी नसेल तर आवाज नाही. हे मी किती पोरांना शिकवलं असेल त्याची गणती नाही. भूत, आत्मा, भास यांवर विश्वास नव्हताच, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांच्याबद्दल मला कधी कुतूहलसुद्धा वाटलं नाही.

मग मुलं मोबाईलवर शिकायला लागली आणि माझी खोली रिकामी होत गेली. सदतिसाव्या वर्षी मी ठरवलं की आता आपणच परत शिकायचं. आरोग्यविज्ञानातला एक पदव्युत्तर डिप्लोमा होता – कानाची, ऐकण्याची तपासणी हा विषय. वर्ग आणि प्रॅक्टिकल दोन्ही अकोल्याच्या एका दवाखान्यात. सोमवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, आठवडाभर अकोल्यात एका ओळखीच्यांकडे राहायचं, शनिवारी परत. वर्गातली बाकीची मुलं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. ती मला आधी 'काकू' म्हणायची, मग कधीतरी 'ताई' म्हणायला लागली. मी त्यातच खूश होते.

आमच्या विभागप्रमुख गावंडे मॅडम. बाई कडक, कामाला पक्की, बोलायला मोजकी. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या हाताने तपासलेल्या रुग्णांची एक वही ठेवायची, तारीख टाकून, आणि ती वही परीक्षकापुढे जायची. त्या वहीत खाडाखोड केलेली मॅडमना चालत नसे.

तपासणी कशी होते ते दोन ओळींत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक छोटी खोली असते, साउंडप्रूफ. जाड दरवाजा, भिंतींना आवाज शोषून घेणारं अस्तर. रुग्ण आत एकटा बसतो, कानांवर हेडफोन. बाहेर मशीनपाशी आम्ही, मधे दुहेरी काचेची खिडकी. मी बटण दाबलं की त्याच्या कानात बारीक शिट्टीसारखा स्वर जातो, ऐकू आला की त्याने बोट वर करायचं. आत एक माइकही असतो – रुग्ण काही बोलला तर ते माझ्या हेडफोनमध्ये मला ऐकू यावं म्हणून. बस्स, एवढंच.

मागच्या वर्षी दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मंगळवार होता, सकाळचे अकरा-साडेअकरा. हिवरखेडहून एक म्हातारे गृहस्थ आले. तुळशीराम नाव, सगळे आबाजी म्हणत. माळी घर – झेंडू, शेवंती, वांगी, कोथिंबीर असं पिकवून बाजाराला नेणारं. वय पासष्टच्या आसपास, पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. कान हळूहळू जात जात दोन वर्षांपूर्वी पुरतेच गेले होते. सोबत सून होती, रेखा, आणि तिच्या कडेवर सव्वा वर्षाची मुलगी. मुलीला घरात सगळे 'लहानी'च म्हणत.

ठार बहिरा माणूस कसा बोलतो ते ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत असेल. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडून बोलतो. आबाजी आले तेच ओरडत.

"बाई, माह्या कानात काई दम नाई राह्यला. पोरगं मांगं लागलं म्हणून आलो."

सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. रेखा ओशाळून म्हणाली, "म्याडम, त्याईले समजत नाई आपुन किती जोरानं बोलून राह्यलो ते. राग नका मानू."

मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं – आवाज आला की बोट वर करायचं. आबाजी चौथीपर्यंत शिकलेले. त्यांनी ओठ हलवत वाचलं आणि मान डोलावली. त्यांना आत बसवलं, हेडफोन लावले, दरवाजा बंद केला. रेखा पोरीला घेऊन बाहेर कॉरिडॉरमध्ये, बाकावर. मॅडम मीटिंगला गेलेल्या. मशीनपाशी मी एकटी.

मी लहान आवाजापासून सुरुवात केली आणि वाढवत नेलं. काही नाही. आणखी वाढवलं. काही नाही. मशीन जेवढं देऊ शकतं तेवढं देऊन पाहिलं – म्हातारा समोरच्या भिंतीकडे शांत बघत बसलेला, पापणीही हलली नाही. उजवा कान झाला, डावा झाला. दोन्हींत शून्य. मी वहीत तसं लिहायला घेतलं. स्वर बंद होते. बटणावर माझा हातही नव्हता.

आणि आबाजींनी बोट वर केलं.

मला वाटलं, कंटाळून केलं असेल. असं होतं कधीकधी, रुग्ण अंदाजाने बोट वर करतात. पण त्यांनी मान थोडी कलती केली होती, आपण लांबून कोणी हाक मारली की करतो ना, तशी. बोट खाली घेतलं. मग पुन्हा वर. मग त्यांनी बोट खालीच ठेवलं आणि बोलले. माझ्या हेडफोनमध्ये स्पष्ट आलं –

"हो... आयकून राह्यलो."

हे मी जमेल तितक्या नेमकेपणाने सांगते. ते ओरडले नाहीत. शेजारी बसलेल्या माणसाशी आपण जितक्या हळू बोलू, तितक्याच हळू बोलले. दोन वर्षं ज्याने स्वतःचा आवाज ऐकला नाही, तो माणूस आवाज असा तोलून बोलूच शकत नाही. मला भूतबीत काही सुचलं नाही त्या क्षणी. मला एवढंच सुचलं की हे शक्य नाही.

आणि मग दुसरा आवाज आला.

बाईचा आवाज. वयस्कर, जरासा घोगरा, माइकच्या अगदी जवळून. घाई असलेल्या माणसासारखा.

"अवो, तुमचं राहू द्या. लहानीचे कान पाहा म्हणा. डावा तं पुराच गेला तिचा. उजव्यात जराकसं हाये. बसले काहून, सांगा न त्याईले."

"सांगतो," आबाजी म्हणाले. तसंच, हळू. मग थोडं थांबून – "तू बरी हायेस न?"

त्यावर काही आलं नाही. काही क्षण नुसता माइकचा बारीक खरखराट. आबाजी तशीच मान कलती करून वाट बघत राहिले.

काचेतून मला सगळी खोली दिसत होती. खोली ती केवढी... दोन पावलं इकडे, दोन तिकडे. एक खुर्ची, एक स्टूल, म्हातारा माणूस. मी उठून दरवाजा उघडला. आबाजींनी माझ्याकडे बघितलं आणि परत पहिल्यासारखे ओरडून बोलले.

"बाई, घरची आली होती."

मी पाटी उचलली. मी लिहिलं – कोण घरची?

"माही बायको. अनसूया. जाऊन अडीच वरसं झाले तिले."

मी लिहिलं – घरी पण येते का?

त्यांनी मान हलवली. "कधीच नाई. आज पहिल्यांदा आयकला तिचा आवाज." मग दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "अजून थोडा वेळ बसू काय मी अथी?"

बाहेर चार रुग्ण खोळंबले होते. तरी मी मान डोलावली, दरवाजा लावला आणि मशीनपाशी येऊन परत हेडफोन घातले. दहा मिनिटं ते आत बसले आणि मी बाहेर. त्यांच्या श्वासाशिवाय काही ऐकू आलं नाही. दहा मिनिटांनी ते आपणहून उठले, हेडफोन काढून खुर्चीवर नीट ठेवले, आणि बाहेर येऊन सरळ रेखासमोर उभे राहिले.

"माहे कान गेले ते गेले. लहानीचे कान पाह्यले पाह्यजे."

रेखाचा चेहरा उतरला. मग तिला राग आला. "काय झालं माह्या पोट्टीच्या कानाले? आवाज दिला का पाह्यते ती. बोलत नाई म्हणून असं म्हणून राह्यले असन हे. हिचा बापबी तीन वरसाचा झाल्यावर बोलला."

मी खाली बसले. लहानी आईच्या चपलेच्या पट्ट्याशी खेळत होती. चुणचुणीत पोर, डोळे टपोरे, माझ्याकडे बघून लगेच हसली. मी खुळखुळा घेऊन तिच्या मागे गेले, तिला दिसणार नाही असा डाव्या कानाशी वाजवला. तिने पट्टा सोडला नाही. मग उजव्या बाजूने, जोरात. पट्टा सोडला नाही... पण एकदा, फक्त एकदा, हात थांबल्यासारखा वाटला. ते खात्रीने सांगता येण्यासारखं नव्हतं. खेळात दंग असलेलं मूलही असंच करतं.

"पाह्यलं?" रेखा म्हणाली. "खेळून राह्यली ती. ध्यान नाई तिचं."

मी तिला समजावलं की एक मोठी तपासणी असते, मूल झोपेत असताना करायची, दुखत नाही, सुई नाही. पुढच्या मंगळवारची वेळ लिहून दिली. दोनच्या गाडीने अकोट आणि तिथून हिवरखेड गाठायचं होतं त्यांना. रेखाने चिठ्ठी घेतली, पण ती कशी घेतली ते बघून मला कळलं की ही येणार नाही.

ते गेल्यावर मी वही उघडली. आबाजींच्या नावापुढे, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं – 'रुग्णाच्या सांगण्यानुसार नातीच्या डाव्या कानाला अजिबात ऐकू येत नाही, उजव्याला थोडे येते. तपासणी व्हावी.' तारीख टाकली. कुणी सांगितलं याच्याबद्दल मी खोटं लिहिलं, असं म्हणता येईल... पण दुसरं काय लिहिणार होते?

संध्याकाळी मॅडमनी वही पाहिली. "हे काय? ज्याला स्वतःला काही ऐकू येत नाही, तो नातीचा डावा-उजवा कसा सांगतो?"

"त्यांनी तसं सांगितलं, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग सही केली. "मुलीला बोलव. आजोबांचं ऐकून काही बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी मी मशीन दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. माइकची वायर, हेडफोन, सगळं उघडून बघायला लावलं. त्याने बघितलं, सगळं ठीक आहे म्हणाला. बाहेरचा आवाज आत शिरू शकतो का? रेडिओ? दुसऱ्या खोलीतला माइक? त्याने मला दाखवलं, माझी वायर दुसऱ्या कशालाच जोडलेली नव्हती. आबाजींनीच बाईचा आवाज काढला असेल, असाही विचार मी केला. पण मी काचेतून बघत होते. ते बोलत होते तेव्हा ओठ हलले. दुसऱ्या आवाजाच्या वेळी त्यांचं तोंड मिटलेलं होतं.

नवऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "थकलीयेस का? शनिवारऐवजी उद्याच ये." त्याला माझी काळजी वाटली. मलाही वाटत होती. अकरा वर्षं शिकवण्यात गेल्यावर डिप्लोमाला बसलेली बाई, आणि तिला दवाखान्यात आवाज ऐकू येतात... हे वर्गात कुणाला कळलं तर? मॅडमना कळलं तर? ज्या शिक्षणात दुसऱ्याच्या ऐकण्याची परीक्षा घ्यायची, त्यात स्वतःच्याच कानांची खात्री नसेल तर सही कुणाच्या भरवशावर करायची?

पुढचा मंगळवार आला. ते आले नाहीत. मी फोन केला. रेखाच्या नवऱ्याने उचलला, मोठ्या सभ्यपणे बोलला. "म्याडम, फुलाचा सीझन हाये, माणसं मिळत नाई. अन पोट्टी बोलन न हळूहळू. काई घाई नाई." त्याच्या पुढचाही मंगळवार तसाच गेला. मला झोप लागेना. या वयात मुलाच्या मेंदूला आवाज मिळाला नाही तर पुढे बोलणं शिकणं फार कठीण होत जातं, हे मी त्याच आठवड्यात वर्गात शिकत होते. आणि मला ते फोनवर कसं सांगावं कळत नव्हतं. माझ्याकडे पुरावा काय होता? एक खुळखुळा, आणि एक आवाज.

तिसऱ्या मंगळवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा ते तिघं दारातच उभे होते. पोर आबाजींच्या खांद्यावर. रेखा मागे, डोळे सुजलेले, तोंड फुगलेलं.

"दोन दिसांपासून आबाजीनं जेवन सोडलं," ती मला म्हणाली. "घास घेत नाई. लहानीचे कान पाह्यल्याबिगर जेवत नाई म्हणे. माहे मालक म्हणाले, जा बापा, घेऊन जा एकदाचं."

आबाजींना तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण विषय कळला असावा. ते ओरडले, "म्या सांगतो म्हणलं होतं. शब्द देला होता."

कुणाला दिला होता हे त्या कॉरिडॉरमध्ये फक्त मला माहीत होतं.

लहानीला झोपेचं औषध पाजलं. ती झोपल्यावर मॅडमनी स्वतः कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवल्या. या तपासणीत मुलाला काही सांगावं लागत नाही – कानात आवाज सोडायचा आणि मेंदूपर्यंत तो पोचला का ते पडद्यावर लाटेसारखं दिसतं. मी शेजारी बसून नोंदी घेत होते. रेखा पोरीचा पाय धरून बसली होती.

आधी डावा. मॅडम आवाज वाढवत गेल्या. पडद्यावर सरळ रेघ. आणखी वाढवला. रेघच. शेवटपर्यंत रेघ.

मग उजवा. रेघ. रेघ. बऱ्याच वरच्या आवाजाला जाऊन, अगदी थकल्यासारखी, एक छोटी लाट उठली. मॅडमनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा उठली.

मॅडमनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "तुझी वही दे." मी दिली. त्यांनी पानं मागे उलटली, आबाजींच्या नावाशी थांबल्या, तारीख वाचली, ओळ वाचली. वही मिटून माझ्याकडे दिली आणि रेखाकडे वळल्या.

त्यांनी रेखाला किती हळुवार सांगितलं ते मी विसरणार नाही. कडक बाई म्हणून ज्यांना आम्ही घाबरायचो, त्या जमिनीवर तिच्यासमोर बसल्या. मूल ठार बहिरं नाहीये, उजव्या कानात उरलंय थोडं, मशीन लावून ते वापरता येईल, डाव्याच्या ऑपरेशनचं बघू, वय लहान आहे, वेळेवर आलात.

रेखा रडली नाही आधी. झोपलेल्या पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्या तिले मारलं म्याडम. मांगच्या महिन्यात. फुलं कुस्करत होती, नको करू म्हणलं, तं आयकेच ना. म्या पाठीत धपाटा देला. मले वाटे मुद्दाम करते." आणि मग तिचा बांध फुटला.

मी तिला धरून बसले. "तुले माहीत नव्हतं," एवढंच म्हणत राहिले. "कोणालेच माहीत नव्हतं."

आबाजी दारापाशी उभे होते. मी पाटीवर लिहिलं – डावा गेला आहे, उजव्यात थोडे आहे. त्यांनी वाचलं. आश्चर्य अजिबात नाही. फक्त मान डोलावली आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. मग मला म्हणाले, "आता जेवतो मी. भाकरी हाये आणलेली." रेखाने रडतच पिशवीतून डबा काढून दिला.

दुपारी मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दरवाजा लावला. मी सगळं सांगितलं. पहिल्या बोटापासून शेवटच्या शब्दापर्यंत. माझं ॲडमिशन जाणार असं धरूनच मी बोलत होते.

"हे वहीत लिहू नकोस," त्या म्हणाल्या. "परीक्षकाला तर सांगूच नकोस."

"नाही, मॅडम."

मी उठायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "आवाज कसा होता?"

"घरातला होता," मी म्हणाले. "भीती वाटावी असा नव्हता. चुलीवर काहीतरी ठेवून आल्यासारखी घाई होती त्यात."

त्यांनी मान डोलावली. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

महिन्याभरात लहानीच्या उजव्या कानाला मशीन बसलं. डाव्या कानाच्या ऑपरेशनसाठी नाव लागलंय, अजून व्हायचंय. दर पंधरा दिवसांनी ते बोलण्याच्या सरावासाठी यायचे आणि दर वेळी आबाजी सोबत असायचे. सराव संपला की ते मला विचारायचे, "बसू काय थोडं आत?" मॅडमना माहीत होतं, त्या तिकडे बघायच्याच नाहीत. आबाजी आत जाऊन हेडफोन घालून बसायचे. मी बाहेर माझे घालून बसायची. एकदाही काही आलं नाही. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर त्यांनी विचारणं सोडलं.

"नाई येत ती आता," एकदा ते मला म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. "लय कामाची बाई होती. काम झाल्यावर बसून राहाची सवय नव्हती तिले."

माझा डिप्लोमा झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकाने ती वही चाळली, त्या पानावर थांबला, "आजोबा हुशार दिसतात" म्हणाला आणि पुढे गेला.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी हिवरखेडला जाऊन आले. रेखाने दोनदा बोलावलं होतं. मळ्यात झेंडू काढणं चालू होतं. आबाजी बांधावर बसून करंडीत फुलं निवडत होते आणि लहानी, आता दोन वर्षांची झालेली, त्यांच्या पुढ्यात उभी. कानामागे छोटं मशीन, ते पडू नये म्हणून रेखाने रंगीत दोऱ्याने फ्रॉकला बांधलेलं. तिला आबाजींच्या हातातलं फूल हवं होतं. ती हात पुढे करून, सगळा जीव एकवटून म्हणाली, "दे."

रेखाने माझा दंड धरला. "कालपासून म्हणून राह्यली," ती कुजबुजली. "पहिला शब्द."

आबाजींनी फूल तिच्या हातात ठेवलं. मी जवळ जाऊन पाटी काढली – अजूनही पिशवीत असते – आणि लिहिलं, तिने काय म्हटलं कळलं का तुम्हाला?

त्यांनी वाचलं आणि हसले. "मले कायचं आयकू येते बाई. पन लेकरू मांगून राह्यलं हे तं कोणालेबी समजते."

लहानीने ते फूल टाकलं आणि दुसऱ्यासाठी हात पुढे केला. "दे." आबाजींनी दुसरं दिलं. असं बराच वेळ चाललं. त्या दिवशी निवडलेली अर्धी करंडी तरी बांधावर सांडली असेल. कोणी तिला रागावलं नाही.

रेखा मला सोडायला स्टँडपर्यंत आली. गाडीची वाट बघत असताना तिने विचारलं. आबाजींनी तिला कधीतरी सगळं सांगितलं होतं म्हणे, आणि तिचा विश्वास बसला नव्हता. अनसूयाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई – ती त्यांना आत्याबाई म्हणे – गेल्या तेव्हा तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं, लहानीची चाहूलही नव्हती.

"म्याडम, तुमी खरंच आयकला होता आत्याबाईचा आवाज?"

"तुह्या आत्याबाईले मी पाह्यलं नाई कधी. पण एका बाईचा आवाज आयकला."

"काय म्हणाल्या?"

मी जसंच्या तसं सांगितलं. 'अवो, तुमचं राहू द्या' इथपासून. रेखा ऐकत राहिली. 'बसले काहून, सांगा न त्याईले' यापाशी तिने पदराचं टोक तोंडाला लावलं. ती हसत होती की रडत होती मला कळलं नाही. "असंच बोलत," ती म्हणाली. "आबाजीले नेमी असंच म्हणत."

गाडी आली. मी चढले, खिडकीपाशी बसले. ती खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"मंग काय होतं ते, म्याडम? तुमी तं शिकलेल्या हा."

"मले माहीत नाई, रेखा," मी म्हणाले.

तिला ते उत्तर पुरलं असावं. मला अजून पुरत नाही... पण दुसरं माझ्याकडे नाही.